इंग्रजीतलं ‘अँड’ आणि आपलं ‘आणि’ यांचं नातं आहे का?

नाही. कानाला सारखे वाटतात, पण तो योगायोग. ‘आणि’ संस्कृत ‘अन्य’वरून आलं, म्हणजे ‘दुसरं’. ‘अँड’चे सख्खे भाऊ म्हणजे जर्मन ‘उंड’ आणि डच ‘एन’. त्यांचं मूळ बहुधा ‘समोर’ अशा अर्थाच्या जुन्या शब्दात आहे; ग्रीक ‘अँटी’ आणि वैदिक ‘अन्ति’ त्याच घरातले. ‘आन्सर’ हा शब्द जरा उघडून बघा. जुन्या इंग्रजीत तो ‘अँडस्वारू’ होता: समोरच्याला शपथेवर दिलेला जबाब. त्यातला ‘अँड’ म्हणजे ‘समोर, उलट’.

मला सगळ्यात आवडतो तो उत्तरेकडचा शब्द. डॅनिश, नॉर्वेजियन आणि आइसलँडिकमध्ये ‘ओग’, स्वीडिशमध्ये ‘ओक’. हे घराणंच वेगळं, ‘वाढवणे’ या धातूचं. जर्मन ‘आउख’ (सुद्धा) त्याचंच नातलग, आणि लांबून आपलं ‘ओजस्’ही. इंग्रजीत तो ‘निकनेम’मध्ये लपलाय. मूळ शब्द ‘ईकनेम’, म्हणजे जोडनाव. आधीच्या ‘ॲन’मधला ‘न’ त्याला चिकटला.

चौथ्या शतकातल्या गॉथिक (जर्मन-इंग्रजीच्या कुळातली, आता लुप्त झालेली भाषा) बायबलात मात्र ‘आणि’साठी तिसराच शब्द येतो: ‘याह’.