रिकाम्या जागेची कसोटी

वाचक विचारतात : इंग्रजी शब्दसंपत्ती

प्रश्न : बँक भरतीची तयारी करतोय. रोज २० इंग्रजी शब्द मराठी अर्थासह वहीत उतरवतो. आठवड्याने शब्द ओळखीचा वाटतो, पण वाक्यात घालायला जावं तर हात थांबतो. काय चुकतंय? (विद्यार्थी, राजारामपुरी)

उत्तर : आधी हिशेब बघा. नवा शब्द दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि एकविसाव्या दिवशी पुन्हा बघायचा म्हटलं, तर तीन आठवड्यांनी रोजच्या २० नव्या शब्दांमागे ८० जुने उभे राहतात. शब्दाला अर्धा मिनिट धरलं तरी ५० मिनिटं. तेवढा वेळ निघत नाही, मग उजळणीलाच कात्री लागते. रोज ५ शब्द घ्या. नवेजुने मिळून २५ होतात, १२-१३ मिनिटांत उरकतात.

दुसरी अडचण शब्दापुढच्या एकाच मराठी अर्थाची. आपला 'कडक' घ्या. कडक चहा म्हणजे स्ट्राँग, कडक मास्तर स्ट्रिक्ट, कडक नियम स्ट्रिंजंट, कडक ऊन हार्श. वहीत 'स्ट्रिंजंट : कडक' एवढंच असेल तर उद्या तुम्ही 'स्ट्रिंजंट टी' लिहिणार. म्हणून शब्दाशेजारी त्याची सोबतही लिहा : स्ट्रिंजंट रूल्स, स्ट्रिंजंट कंडिशन्स.

आता वही सोडून कार्डं करा. मागे शब्द, एका ओळीची व्याख्या आणि सोबतीचे दोन शब्द. पुढे तुमचं स्वतःचं वाक्य, शब्दाच्या जागी रेघ. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. 'ही वॉज रिलक्टंट' हे वाक्य फुकट गेलं, कारण रेघेवर हंग्री, टॉल, टायर्ड काहीही बसतं. त्याऐवजी 'शी वॉज ____ टू लेंड हर स्कूटर, बट फायनली हँडेड ओव्हर द कीज' हे बघा. द्यायचं मन नव्हतं, तरी शेवटी किल्ली दिली. इथे अनविलिंग, हेझिटंट असे रिलक्टंटचे भाऊबंदच बसतील, परका कुणी नाही. क्लोज टेस्टमध्ये, म्हणजे उताऱ्यातल्या रिकाम्या जागा भरायच्या प्रश्नात, तरी दुसरं काय विचारतात?

व्याख्या मात्र पूर्ण वाचा, तिच्यात शब्दाचं कुंपण असतं. 'एक्झॅसर्बेट'चा अर्थ नुसता 'वाढवणे' असा पाठ केला, तर कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेचं पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीवरून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघालं की तुम्ही 'द रेन एक्झॅसर्बेटेड द वॉटर लेव्हल' लिहून मोकळे व्हाल. व्याख्या सांगते : आधीच वाईट असलेलं आणखी बिघडवणे. पातळी नुसती वाढते, तिथे 'रेझ्ड' पुरे. 'द रेन एक्झॅसर्बेटेड द फ्लडिंग' हे बरोबर, कारण पूर मुळातच संकट आहे.

प्रश्न : इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश उघडला की व्याख्येतलाच शब्द अडतो. तो शोधावा तर तिथे तिसरा. (गृहिणी, कागल)

उत्तर : तुमच्याकडचा कोश इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठीचा दिसतो. 'लर्नर्स डिक्शनरी' असं लिहिलेला घ्या. लाँगमनच्या अशा कोशात १९७८ पासून व्याख्या साधारण २००० सोप्या शब्दांतच बांधलेल्या असतात, त्यामुळे ही पळापळ थांबते. शिवाय 'फॉर्मल' (औपचारिक), 'डिसअप्रूव्हिंग' (नापसंती दाखवणारा) असे शेरे असतात, ते गाळू नका. चाइल्डलाइक म्हणजे निरागस, चाइल्डिश म्हणजे पोरकट. मोठ्या माणसाला दुसरा शब्द लावलात तर राग येणारच.

प्रश्न : परदेशी गिऱ्हाइकांना ईमेल लिहितो. 'अवर चप्पल्स आर चीप, ओरिजिनल अँड नोटोरियस फॉर स्ट्रेंथ' यात काय बिघडलं? (चप्पल विक्रेते, कोल्हापूर)

उत्तर : जवळजवळ सगळंच! नोटोरियस म्हणजे कुप्रसिद्ध. चीपमध्ये हलक्या मालाचा वास येतो. रीझनेबली प्राइस्ड म्हणा. ओरिजिनलचा रोख 'पहिलावहिला' किंवा 'नक्कल नव्हे' याकडे. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. त्या भागात, त्या रीतीने घडलेला माल ऑथेंटिक. कातडं खरं असल्याचं सांगायचं तर जेन्युइन लेदर. 'स्ट्रेंथ'ऐवजी ड्युरेबल, म्हणजे वर्षानुवर्षं टिकणारी. आणि कातडं न तडकता वाकत असेल तर सपल. हा शब्द हातचा ठेवा, पण चप्पल वाकवून बघूनच लिहा.

प्रश्न : मूळ धातू आणि उपसर्ग पाठ केले तर शब्द आपोआप येतात का? (वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : अंदाजाला मदत होते, भरवसा ठेवू नका. 'इन' म्हणजे 'नाही' धरून बसलात तर इनव्हॅल्युएबलचा अर्थ कवडीमोल लावाल. तो आहे अनमोल. इन्फ्लेमेबल तर त्याहून घातकी. टँकरवर तो शब्द दिसला तर आत पेट घेणाराच माल आहे.