'दहावीचा फॉर्म भरताना बघू' असं शाळा म्हणत असेल तर

ताई, तुमची पोस्ट वाचली. मुलगा आठवीत, तोंडी विचारलं की धडाधड सांगतो, वहीत मात्र अर्धं वाक्य. परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात दुखतं. समुपदेशक बाईंनी लर्निंग डिसॅबिलिटीचा (अध्ययन अक्षमतेचा) रिपोर्ट दिलाय, सासूबाई म्हणतात त्याचा सरकारी दाखला काढू नका, जन्माचा शिक्का बसेल, आणि शाळा म्हणते 'दहावीचा फॉर्म भरताना बघू'. हे शेवटचं वाक्य आम्हालाही ऐकवलं गेलं होतं, अगदी याच शब्दांत. लेक आता कॉलेजात आहे, पण ते वाक्य ऐकलं की अजून डोकं तडकतं, म्हणून उत्तर लांबणार आहे.

मी डॉक्टर नाही, मास्तरही नाही. डिस्लेक्सिया हा त्यातलाच प्रकार, बुद्धी असूनही वाचता-लिहिताना अडखळणं, हे तुम्हाला सांगायला नको.

तुमच्या हातातला रिपोर्ट खासगी आहे. बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलतीला (जादा वेळ, सांगितलेली उत्तरं लिहून देणारा लेखनिक) तो पुरत नाही, सरकारमान्य केंद्राचा दाखला लागतो. मुंबईत सायन आणि नायर हॉस्पिटलला यासाठी वेगळी क्लिनिकं आहेत. बाहेरच्या जिल्ह्यात सिव्हिल हॉस्पिटलमध्ये चौकशी करा. सगळीकडे रांग असते. डोळे आणि कान आधी तपासतात, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताची चाचणी. हे एका दिवसात उरकत नाही. शिवाय वयाची भानगड आहे: केंद्र सरकारच्या २०१८ च्या सूचनांत ८ वर्षांनंतर दाखला, १४ व्या आणि १८ व्या वर्षी फेरतपासणी असे टप्पे होते. २०२४ मध्ये त्या सूचना सुधारल्या, तेव्हा मुलाची जन्मतारीख सांगून केंद्रावरच विचारा, नाहीतर आज काढलेला दाखला ऐन दहावीत जुना ठरायचा.

आता आमच्या शाळेचं. नाव घेत नाही, गावातले लोक इथे आहेत. लेक आठवीत असताना रिपोर्ट ऑफिसात दिला. क्लार्कनी तो ड्रॉवरमध्ये सरकवला. मुख्याध्यापक म्हणाले, "हुशार आहे हो पोरगी, मनावर घेत नाही इतकंच. दहावीला बघू." पोच दिली नाही. मग मुख्याध्यापक बदलले आणि नवीन साहेबांचं म्हणणं, असा कुठलाच कागद आमच्या दप्तरी नाही! केंद्राला शाळेचं पत्र, प्रगतिपुस्तकं आणि वर्गशिक्षकांचा अभिप्राय लागतो. ते पत्र टाईप होऊन सहीसाठी पडून राहिलं. साहेब मीटिंगला, शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली रजेवर. दाखला हातात आला तेव्हा पूर्वपरीक्षा होऊन गेली होती आणि सवलतीची मंजुरी बोर्डाच्या तोंडावर आली.

म्हणजे जादा वेळ आणि लेखनिक, दोन्ही तिला पहिल्यांदा मिळाले ते थेट बोर्डाच्या पेपरला. लेखनिक खालच्या वर्गातली, बिचारी सांगेल ते लिहीत होती. गणिताच्या पेपरात लेकीच्या मनात २७, तोंडातून निघालं 'बाहत्तर', आणि कागदावर ७२. तिला हा गोंधळ लहानपणापासून आहे, कारण आपल्याकडे सत्तावीस म्हणताना सात आधी येतो आणि लिहिताना दोन. (२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' असं वाचायला सुचवलं तेव्हा अख्खा महाराष्ट्र हसत होता. आमच्या घरी कोणी हसलं नाही.) आधी चार सराव पेपर लेखनिकाबरोबर झाले असते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं की आकडे सुटे सांगायचे: 'दोन, सात'. शाळेच्या त्या 'बघू'ने हे सराव खाल्ले. मार्कांचं मला आता काही वाटत नाही, पण पेपरहून आल्यावर ती म्हणाली, "मला साधं सांगताही येत नाही." ते त्या ऑफिसला मी माफ करणार नाही.

तर माझं मत, पटलं तर घ्या. शाळेशी तोंडी बोलणं आजपासून बंद. अर्ज दोन प्रतींत, एकीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेऊनच बाहेर पडा. घेत नसतील तर स्पीड पोस्ट करा आणि पावती जपा. अर्जात दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ लिहा. त्यातल्या २१ प्रकारांत लर्निंग डिसॅबिलिटी आहे आणि कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे स्पष्ट आहे. खाली एक ओळ टाका: 'प्रत माहितीसाठी: शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद'. या ओळीने टेबलावरचा कागद हलतो, स्वानुभव. घटक चाचणीपासूनच सवलत मागा. जादा वेळ तासाला २० मिनिटं, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. चार तास बसायलाही सवय लागते, आमची लेक शेवटच्या तासाला नुसती बसून होती.

सासूबाईंना सांगा, दाखला तुमच्या कपाटात असतो, तुम्ही काढाल तेव्हाच बाहेर येतो. वर्गात 'ढ' म्हणतात तो शिक्का कुठल्या कपाटात ठेवणार?

क्लास बंद करा. हे जरा आगाऊपणाचं वाटेल, पण क्लासचे सर तोच धडा जास्त मोठ्याने शिकवतात, बाकी काही नाही. ते पैसे स्पेशल एज्युकेटरला, म्हणजे अशा मुलांना शिकवायचं प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकाला द्या. जोडाक्षरं, रफार, वेलांटी हे परत पहिल्यापासून, पण मोठ्या मुलाला लाज वाटणार नाही अशा रीतीने घेणारी व्यक्ती हवी. तालुक्याला मिळणं अवघड, ऑनलाइन घेणारे आहेत. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक असतात, तिथेही विचारा. कोणी चांगले भेटतात, कोणी नुसतं रजिस्टर भरतात.

पोटदुखीला नाटक म्हणू नका, घरात कुणाला म्हणूही देऊ नका. एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा, पोटात काही निघालं नाही तर त्याच समुपदेशक बाईंकडे परत जा, फक्त अभ्यासाचं नाही तर भीतीचं बोलायला. 'मी नसतो तर बरं झालं असतं' असलं काही तो बोलला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात.

दाखला मिळाला की सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फतच विभागीय मंडळाकडे जातो, म्हणून शाळेशी भांडण तोडण्यापर्यंत नेऊ नका. माझं गेलं होतं, मग बायकोला मध्ये पडावं लागलं.

आणि अर्ज द्यायला जाताना मुलाला बरोबर नेऊ नका. तिथले लोक पोरासमोरच "हाच का तो?" विचारतात. मधल्या सुट्टीनंतर जा, सकाळी शिपायाशिवाय कोणी भेटत नाही. अर्जाचा मजकूर हवा असेल तर मेसेज करा, आमचा पाठवतो.