ओहायो स्टेटचा नवा क्वार्टरबॅक ज्युलियन सेयिन आधीच्यांच्या तुलनेत कुठे बसतो?

तुम्ही विचारलंय की ओहायो स्टेट या अमेरिकन विद्यापीठाच्या फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक (बॉल फेकून खेळ चालवणारा गडी) सेयिन हा तिथल्याच आधीच्या फील्ड्स, स्ट्राउड यांच्या पंगतीत बसतो का, की नुसता रिसीव्हरांच्या, म्हणजे बॉल झेलणाऱ्यांच्या, जिवावर चमकला. आणि खाली एक पुस्ती जोडलीय, "निदान मॅकॉर्डपेक्षा (२०२३ चा क्वार्टरबॅक) तरी बरा ना?" ही पुस्ती नसती तर मी लिहायला बसलोच नसतो.

आधी विचारलंय तेवढं उरकतो. अचूकपणात सेयिन सगळ्यांच्या वर, शेकडा ७५ च्या वर पास पूर्ण आणि स्टार्टर म्हणून पहिल्याच वर्षी हीसमनच्या (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) शेवटच्या चौघांत, अजून काय पाहिजे. लांबचा बॉल रिसीव्हरच्या ओंजळीत अलगद ठेवावा तो स्ट्राउडनेच, पण हा त्याच्या जवळपास जातो. फील्ड्सचे पळणारे पाय याच्याकडे नाहीत. २०२४ च्या हॉवर्डचं अंग नाही, हॉवर्ड दोन यार्ड हवे असले की सरळ खांदा घालून घुसायचा. रिसीव्हरांचं म्हणाल तर याला जेरेमाया स्मिथ आणि कार्नेल टेट मिळाले, कबूल, पण स्ट्राउडला ओलावे, विल्सन, स्मिथ-एनजिग्बा असे तिघे एकाच वर्षी मिळाले होते, तेव्हा कोणी बोललं नाही. फक्त २०१८ च्या हॅस्किन्सला यातल्या कुणाशीही तोलू नका. त्याने एका सीझनमध्ये ५० टचडाउन (बॉल पलीकडच्या टोकाला नेऊन मिळवायचे मोठे गुण) पास टाकले, त्याआधी बिग टेनमध्ये, म्हणजे आपल्या लीगमध्ये, असलं काही कोणी बघितलंच नव्हतं, आज जो तो कोलंबसला (ओहायो स्टेटचं गाव) बॉल फेकायला येतो तो रस्ता त्याने केलेला. बिचारा २४ व्या वर्षी गेला.

आता मॅकॉर्ड.

२५ नोव्हेंबर २०२३, शनिवार. आमचे साडू डब्लिनला राहतात (कोलंबसच्या कुशीतलं डब्लिन, आयर्लंडचं नाही), माझ्याआधी दहा वर्षं इथे आलेले, त्यामुळे टीम त्यांची आणि मी पाहुणा असा एकंदर सूर असतो. त्या दिवशी दुपारी १२ ला आपल्या जुन्या वैऱ्याशी, मिशिगनशी मॅच आणि संध्याकाळी ६ ला त्यांच्याकडे तुळशीचं लग्न. मिशिगनच्या आठवड्यात इथे कॅम्पसवर जिथे जिथे इंग्रजी एम दिसेल तिथे लाल टेपने फुली मारतात, हे तुम्हाला माहीत असेलच, साडूंनी घरात एमटीआरच्या रवा इडलीच्या पाकिटावरच्या एमवर पण फुली मारली होती. सासूबाई मिरजेहून आलेल्या, त्यांना वाटलं पाकिटाची तारीख उलटून गेलीय, त्यांनी ते उचलून कचऱ्यात टाकलं. असो.

मॅच तुम्हाला आठवत असेल. ३०-२४ ने मागे, शेवटचं मिनिट, आपण मिशिगनच्या हद्दीत, टचडाउन झालं की जिंकलो. मॅकॉर्ड मागे सरकतो, हॅरिसनकडे टाकायला हात उचलतो आणि टाकता टाकता त्यांचा जेलन हॅरेल येऊन आदळतो. बॉल भलतीकडे उडाला, रॉड मूरने झेलला, २५ सेकंद उरलेले, खेळ खलास. खोलीत कोणी बोलेना. सासूबाई कापूर की कसलीशी वाटी घेऊन आत आल्या, दोन्ही जावयांची तोंडं बघितली आणि म्हणाल्या, "कोणी गेलं का रे?"

साडू म्हणाले, "मॅकॉर्ड गेला आता. याच्यात दमच नाही."

मग टीव्हीवर तेच दृश्य परत परत दाखवत होते तर सासूबाई वाटी धरून उभ्या, आणि त्यांनी विचारलं की त्या पोराला बाजूने येऊन धडक दिली ना त्या निळ्याने, मग चूक या पोराची कशी? मी म्हटलं बघा, आयुष्यात पहिल्यांदा फुटबॉल बघणाऱ्या बाईला दिसतंय. लाइन (क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी) फुटली, त्याला बॉल टाकायला अर्धा सेकंद मिळाला नाही. साडू म्हणाले, "आई, तुम्हाला नाही कळायचं ते. क्वार्टरबॅक मिशिगनला हरवतो तोच." एवढं बोलून आंघोळीला गेले. संध्याकाळी सोवळं नेसून मंगलाष्टकं म्हणायला उभे तेच, बाळकृष्ण ताम्हनात, मधे अंतरपाट, आणि आवाज असा की लग्न नाही दहावा चाललाय. "शुभमंगल सावधान" आलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की हे दुपारी आपल्या लाइनला कोणीतरी ओरडून सांगायला हवं होतं. बायकोने असं बघितलं की पुढच्या अक्षता मी खाली मान घालून टाकल्या.

जेवताना पुन्हा तेच. साडू म्हणे हा पोरगा कुठेही गेला तरी असाच करणार. मी म्हटलं वीस डॉलर, दुसरीकडे गेला तर ४००० यार्ड टाकेल. ते म्हणाले लागली. पुढच्या दहा दिवसांत गडी खरंच ट्रान्सफर पोर्टलमध्ये (दुसऱ्या कॉलेजात जाऊ पाहणाऱ्यांची यादी). ११ मॅच जिंकून एक हरला, २४ टचडाउन आणि ६ इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेले पास), आणि इथले लोक त्याच्या मागे असे हात धुऊन लागले जसं काही त्याने गाव विकलं.

सिरॅक्यूज विद्यापीठाला जाऊन त्याने ४७७९ यार्ड टाकले. त्या वर्षी अख्ख्या देशात सगळ्यात जास्त. गंमत अशी की ३० नोव्हेंबर २०२४ ला दुपारी आपला नवा हॉवर्ड घरच्या मैदानावर १३-१० ने मिशिगनकडून हरला, दोन इंटरसेप्शन टाकून, वर शेवटी झेंड्यावरून मारामारी झाली ती वेगळीच, आणि त्याच दिवशी तिकडे मॅकॉर्डने २१-० ने मागे असताना मायामीला ४२-३८ हरवलं. मी साडूंना फक्त स्कोअर पाठवला, वर एक अक्षर लिहिलं नाही. उत्तर आलं, "सिरॅक्यूजमध्ये कसलं प्रेशर." वीस डॉलर आले नाहीत.

पुढचं तर तुम्हालाही माहितीय. मिशिगनकडून हरलेल्या त्याच हॉवर्डने टेनेसी, ओरेगन, टेक्सस आणि नोत्र दाम अशा चौघांना ओळीने झोपवून नॅशनल चॅम्पियनशिप आणली. साडूंनी टीशर्ट घेतले, दोन. मी विचारलं, आता तुमच्या मिशिगनच्या फूटपट्टीचं काय? कारण त्या फूटपट्टीने मोजलं तर बॅरेट सगळ्यात मोठा, तो मिशिगनकडून कधी हरलाच नाही, पण २०१६ च्या प्लेऑफमध्ये क्लेम्सनने ३१-० केलं तेव्हा तोच होता. आणि २०१४ ची चॅम्पियनशिप आणली कार्डेल जोन्सने, जो सीझन सुरू व्हायच्या आधी तिसऱ्या नंबरला बसलेला. स्ट्राउड दोनदा हरला मिशिगनकडून, ०-२, म्हणून आमचे साडू त्याचं नावसुद्धा घेत नाहीत. २०२१ ला त्याने ३९४ यार्ड टाकले हो, समोर मिशिगनचा हसन हॅस्किन्स (वरचा हॅस्किन्स वेगळा) एकटा ५ टचडाउन पळून गेला, आता स्ट्राउडने काय टॅकलही करायचं? त्याच स्ट्राउडने पुढच्या वर्षी प्लेऑफमध्ये जॉर्जियाला घाम फोडला होता, एका पॉइंटने गेली मॅच, ४२-४१, तीसुद्धा शेवटची किक हुकली म्हणून.

तर सेयिन. २९ नोव्हेंबर २०२५ ला ॲन आर्बरला जाऊन २७-९. सलग चार वर्षं खाल्लेला मार संपला. शेवटची शिट्टी व्हायच्या आत साडूंचा फोन, "बोल आता, याला म्हणतात क्वार्टरबॅक." मी काही बोललो नाही, मीही नाचतच होतो. एका आठवड्यात इंडियानाने बिग टेनच्या फायनलला १३-१० ने पाडलं आणि ३१ डिसेंबरला कॉटन बोलमध्ये मायामीने २४-१४. त्यात सेयिनचा एक पास उचलून त्यांनी ७२ यार्ड पळत नेऊन टचडाउन केला. दोन्ही मॅचमध्ये समोरचे लोक सारखे त्याच्या अंगावर येत होते आणि तिथेच तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. पॉकेट (लाइनने त्याच्याभोवती राखलेली जागा) स्वच्छ असेल तर सेयिनसारखा कोणी नाही, पॉकेट मोडलं की तो अजून कच्चा आहे, फील्ड्स आणि हॉवर्ड तिथे बरेच पुढे. फील्ड्सने तर बरगडीत हेल्मेट खाऊन त्याच क्लेम्सनविरुद्ध ६ टचडाउन टाकले होते. शिवाय सेयिनच्या पाठीशी डिफेन्स असा होता की रेग्युलर सीझनभर कोणी १६ च्या वर गेलं नाही, त्यामुळे मागून पाठलाग करायची त्याला सवयच लागली नाही. हे त्याच्या विरोधात नाही, पण तुलना करताना धरा.

आणि तुमची टीम तुम्ही बघा, पण घरात कोणी एका मॅचवरून पोराची लायकी काढायला लागलं तर वाद घालू नका, पैसे लावा आणि कागदावर लिहून घ्या. मी लिहून घेतलं नाही ही माझी चूक.

हां, दोन गोष्टी राहिल्या. एक, मी आयुष्यात कबड्डीपलीकडे काही खेळलेलो नाही, हे सगळं सोफ्यावरचं ज्ञान. दोन, मॅकॉर्ड काही स्ट्राउड नव्हता, बॉल हातात फार वेळ धरायचा, आणि त्याच मिशिगन मॅचमध्ये पहिल्या क्वार्टरला विल जॉन्सनला दिलेला इंटरसेप्शन शंभर टक्के त्याचाच, त्याला धक्काबिक्का काही लागला नव्हता. सेयिन त्याच्यापेक्षा बरा आहे का? आहे. झालं तुमचं समाधान?

मायामीची मॅच झाल्यावर मी मुद्दाम साडूंना फोन केला, न्यू इयरच्या शुभेच्छा द्यायला म्हणून. म्हणाले, "लाइनच फुटली रे, त्या पोराचा काय दोष." मी म्हटलं हो ना. सासूबाई तेव्हा तिथेच होत्या, फोन स्पीकरवर होता, त्या मागून म्हणाल्या, "अहो, मग त्याचे ते वीस डॉलर देऊन टाका की."

अजून आलेले नाहीत.