वेडेपणा एकाच जागी ठेव

प्रिय लेखिके,

तुझं पत्र आणि सोबतचं प्रहसन, दोन्ही वाचलं. तलाठ्याच्या टेबलावर मगर, ओव्या म्हणणारा शिपाई, उलटा चालत येणारा अर्जदार आणि स्वतःला छताला टांगून घेतलेले भाऊसाहेब. 'माँटी पायथनसारखं लिहायला गेले, पण वाचनाला कुणी हसलंच नाही. त्यांचं बघताना मात्र आम्ही गडाबडा लोळतो. असं का?' हा तुझा प्रश्न मला फार आवडला. मी या मंडळींवर, म्हणजे बीबीसीवर 'फ्लाइंग सर्कस' ही विनोदी मालिका करणाऱ्या या सहा जणांवर, वर्षानुवर्षं जीव टाकत आलो आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी पोपटाचं प्रहसन घे. ते तुला पाठ असेल, पण या वेळी हसणं बाजूला ठेवून बघ. ७ डिसेंबर १९६९ ला बीबीसीवर ते पहिल्यांदा दिसलं. जॉन क्लीझ पिंजरा घेऊन दुकानात येतो. अर्ध्या तासापूर्वी याच दुकानातून घेतलेला पोपट मेलेला आहे, अशी त्याची तक्रार. काउंटरमागचा मायकेल पेलिन म्हणतो, मेला कुठे, विश्रांती घेतोय. मग म्हणतो, नॉर्वेतल्या फ्योर्डांच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाड्यांच्या, आठवणीने झुरतोय. पिसं तरी बघा किती सुंदर! पोपट दांडीवर उभा आहे तो खिळ्यांनी ठोकला आहे म्हणून, हे उघड झालं तरी दुकानदार डगमगत नाही. खिळे ठोकले नसते तर गज वाकवून उडून गेला असता, असं त्याचं उत्तर.

यात वेडं किती आहे ते मोज. एकच गोष्ट: दुकानदार मान्य करत नाही. बाकी दुकान साधं, काउंटर साधा, गिऱ्हाईक रेनकोट घातलेलं, आणि त्याची भाषा तक्रार नोंदवायला आलेल्या सुशिक्षित माणसाची. संताप टिपेला पोचल्यावरही तो शिवीगाळ करत बसत नाही. माणूस गेला हे सांगायचे जेवढे म्हणून प्रकार आहेत, ते सगळे तो एकामागून एक त्या पोपटाला लावत जातो. हे लिहिणाऱ्या दोघांपैकी क्लीझ केंब्रिजला कायदा शिकलेला आणि ग्रॅहम चॅपमन रीतसर डॉक्टर झालेला. मला त्या यादीत वकिलाचा युक्तिवाद आणि मृत्यूचा दाखला, दोन्ही ऐकू येतात.

या प्रहसनाचं मूळ तर अगदीच रोजच्या व्यवहारातलं आहे. पेलिनच्या ओळखीत एक गॅरेजवाला होता. गाडीची कुठलीही तक्रार नेली तरी दोष आहे हेच तो कबूल करायचा नाही. त्यावरून १९६८ मध्ये दुसऱ्या एका कार्यक्रमासाठी गाडीचं प्रहसन झालं, आणि पुढच्या वर्षी गाडीच्या जागी पोपट आला. गॅरेजवाल्याचं वागणं मात्र त्यांनी तसंच ठेवलं. गाडीत दोष आहे की नाही यावर दोन मतं असू शकतात. मेलेल्या पोपटाबद्दल नसतात. वस्तू बदलताच त्या माणसाचा निगरगट्टपणा स्वच्छ उघडा पडला. माझ्या मते विसंगतीच्या विनोदाची सगळी कामगिरी या एका बदलात आहे.

आपल्याकडची अकबराच्या पोपटाची गोष्ट आठव. तिथेही पोपट मेलेला आहे, आणि ते तोंडातून काढेल त्याला शिक्षा. बिरबल 'डोळे उघडत नाही, चोच हलवत नाही' असं सांगत सांगत शेवटी बादशहाच्याच तोंडून ते वदवून घेतो. त्या गोष्टीत सत्य बोलायची भीती आहे, म्हणून चतुराई जिंकते. पायथनच्या दुकानात सत्य कितीही मोठ्याने बोललं तरी चालतं, फक्त त्याचा काही उपयोग होत नाही. बिरबल तिथे गेला असता तर हरला असता. आपण हसतो ते त्या हतबलतेला, कारण अशा काउंटरसमोर आपण सगळेच कधी ना कधी उभे राहिलेलो आहोत.

आता तुझ्या कार्यालयाकडे बघ. तिथे धक्का बसायला कुणी शिल्लकच नाही. सगळेच वेडे, म्हणजे वेडेपणा ही तिथली रीतच झाली, आणि रीतीला कुणी हसत नाही. मगर ठेव, ती चांगली आहे. ओव्या, उलटं चालणं, टांगणं, सगळं काढून टाक. मग भाऊसाहेबांना त्या मगरीशी नियमाप्रमाणे वागू दे. तिचा रहिवासी दाखला आहे का, नसल्यास कुठला पुरावा चालेल, हे ते किंचित कंटाळून विचारतील. अर्जदाराला फक्त आपला सातबारा हवा आहे.

यांच्या प्रहसनांतलं मला सर्वांत प्रिय आहे ते वाद विकत मिळणाऱ्या जागेचं, १९७२ मधलं. एक माणूस काउंटरवर येऊन म्हणतो, मला वाद घालायचा आहे. पाच मिनिटांच्या वादाला एक पौंड, दहा वादांचा कोर्स घेतला तर आठ पौंड. तो आधी चुकून शिवीगाळीच्या खोलीत शिरतो. मग योग्य खोलीत पोचतो, तर समोरचा प्रत्येक वाक्याला फक्त 'नाही' म्हणत राहतो. गिऱ्हाईक वैतागून सांगतं, हा वाद नव्हे, हे नुसतं नाकारणं आहे. वाद म्हणजे एखादा सिद्धांत प्रस्थापित करण्यासाठी केलेली विधानांची सुसंगत मालिका. व्याख्या चोख आहे, तर्कशास्त्राच्या पुस्तकात शोभेल अशी. तेवढ्यात घंटा वाजते, वेळ संपते. पुढे वाद हवा असेल तर पुन्हा पैसे भरा. तो पैसे भरतो, तरी समोरचा म्हणतो, भरलेच नाहीत. इथे गिऱ्हाईक त्याला पकडतं: पैसे भरले नसतील तर तू आत्ता माझ्याशी वाद का घालतो आहेस? बघणाऱ्याला वाटतं, सुटला बुवा. आणि उत्तर येतं: मी फावल्या वेळात घालत असेन.

हे उत्तर कितीदा ऐकलं तरी मी हरखतो. त्यात कुठे खोट काढता येत नाही. जी जागा वेडी आहे तिच्या आत तर्क इतका कडेकोट बांधलेला आहे की शहाणा माणूसच अडकतो. तू लिहिताना असा एक क्षण शोध, जिथे शहाण्याचा मुद्दा बरोबर असूनही तो हरतो. असा क्षण सापडेपर्यंत संहिता पुरी झाली असं समजू नकोस.

हास्यास्पद चालींच्या मंत्रालयाचं प्रहसन, सप्टेंबर १९७० चं, सगळ्यांना क्लीझच्या लांबलचक पायांसाठी आठवतं. पाय आहेतच अद्भुत. पण डोळे मिटून नुसतं ऐक. मंत्रीमहाशय उशीर झाल्याबद्दल क्षमा मागतात: अलीकडे माझी चाल अधिकच हास्यास्पद झाल्यामुळे कार्यालयात पोचायला वेळ लागतो. समोरच्या गृहस्थाला आपली चाल विकसित करायला सरकारी अनुदान हवं आहे. मंत्री ती चाल तज्ज्ञाच्या नजरेने बघून म्हणतात, उजव्या पायात हास्यास्पद असं काहीच नाही. मग खात्याला पुरेसा निधी मिळत नाही, संरक्षणावर आपल्यापेक्षा जास्त खर्च होतो, ही तक्रार. शेवटी त्या गृहस्थाला ब्रिटन आणि फ्रान्सच्या संयुक्त चालीवर संशोधन करायची संधी देऊ करतात. त्याच्या आदल्याच वर्षी, मार्च १९६९ मध्ये, ब्रिटन आणि फ्रान्सने मिळून बांधलेल्या काँकॉर्ड विमानाने पहिलं उड्डाण केलं होतं, हे लक्षात घेतलंस की बाण कुठे लागतो ते कळेल.

ही सगळी मंडळी १९३९ ते १९४३ या काळात जन्मलेली. टेरी गिलियम अमेरिकन, बाकीचे पाच ब्रिटनमधले. युद्धानंतरचं रेशनिंग तिथे १९५४ पर्यंत चाललं. फॉर्म, रांगा, गणवेश, वरून येणारा समजूतदार आवाज, यांतच ही मुलं वाढली. बीबीसी हाही त्यातलाच एक आवाज. म्हणून क्लीझ निवेदकाच्या वेशात, टेबलासकट, भलत्याच ठिकाणी बसलेला दिसतो तेव्हा निम्मा विनोद त्याच्या न ढळणाऱ्या स्वरात असतो. तो हसला असता तर सगळं कोसळलं असतं. तुझ्या नटांना हे निक्षून सांग. ज्याला लाफ्टर घ्यायची घाई आहे त्याला यात घेऊ नकोस.

आणि एक नाव मुद्दाम सांगतो, कारण ते आपल्या मातीतून गेलेलं आहे. स्पाइक मिलिगन १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला जन्मला. वडील ब्रिटिश फौजेत. बालपण पुण्यात आणि मग रंगूनला गेलं. दुसऱ्या महायुद्धात इटलीत जखमी झाला, मनावरचा आघात आयुष्यभर पुरला. १९५१ पासून १९६० पर्यंत बीबीसी रेडिओवर चाललेल्या 'द गून शो' या विनोदी कार्यक्रमाचा तो मुख्य लेखक, आणि शाळकरी वयातले हे पायथनवाले रेडिओला कान लावून बसलेले असायचे. मार्च १९६९ मध्ये बीबीसी २ या वाहिनीवर त्याचा 'क्यू फाइव्ह' हा प्रहसनांचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात प्रहसनं शेवटाला पोचायच्या आत सोडून दिली जायची. नट कॅमेऱ्याकडे सरकत 'आता काय करायचं?' असं एकमेकांना विचारत राहायचे. टेरी जोन्स आणि पेलिन यांनी ते पाहिलं, आणि आपल्याला जे करायचं आहे ते या माणसाने आधीच केलं हे त्यांना कळलं. त्यांनी त्याचाच दिग्दर्शक, इयन मॅकनॉटन, आपल्याकडे घेतला. ५ ऑक्टोबरला 'फ्लाइंग सर्कस' सुरू झाली.

पंचचा, म्हणजे शेवटी हशा मिळवणाऱ्या वाक्याचा, प्रश्न इथे येतो. तुझ्या प्रहसनाचा शेवट ओढूनताणून आणलेला आहे, हे तुलाही जाणवलं असेल. चांगली कल्पना आणि लंगडा पंच हे दुखणं सगळ्यांचं असतं. या लोकांनी पंच ठेवायलाच हवा हा नियम सोडला. कधी चॅपमनचा कर्नल येऊन 'हे फारच बाष्कळ व्हायला लागलंय' म्हणून प्रहसन थांबवतो, कधी गिलियमची कात्रणांची चलतचित्रं एका प्रसंगातून दुसऱ्यात घेऊन जातात, कधी वरून ते भलंमोठं पाऊल येऊन सगळं चिरडतं. ते पाऊल लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या ब्रोंझिनोच्या चित्रातून उचललेलं आहे. पण याला सवलत समजू नकोस. शेवट न करता थांबायचं असेल तर थांबण्याआधीचं प्रत्येक वाक्य स्वतःच्या बळावर उभं राहावं लागतं.

त्यांचं सगळंच डोक्यावर घेऊ नकोस, हेही सांगतो. चार मालिकांच्या ४५ भागांत बायकांना फार थोडं मिळालं. कॅरल क्लीव्हलंड उत्तम नटी, पण तिच्या वाट्याला बहुतेक वेळा नुसतं सुंदर दिसणं आलं, आणि बोलक्या बायका म्हणजे साडेसहा फुटी पुरुष लुगडी सोडून बाकी सगळं नेसून. परक्या देशांच्या लोकांची काही सोंगं आज बघवत नाहीत. तिथे मी पुढे जातो, तूही जा. त्याऐवजी फियोना अ‍ॅलन, डून मॅकीकन आणि सॅली फिलिप्स या तिघींचं 'स्मॅक द पोनी' शोध. १९९९ पासून चॅनल फोरवर होतं. जोडीदार शोधणाऱ्या बायका कॅमेऱ्याकडे बघून आपली माहिती देतात, असा त्यात एक आवर्ती प्रकार आहे. एक बाई, एक खुर्ची, आणि एका वाक्यात घसरलेलं जग. तुला यातून माझ्या पत्रापेक्षा जास्त मिळेल.

कामाची पद्धतही त्यांचीच घे. क्लीझ आणि चॅपमन जोडीने लिहायचे, पेलिन आणि जोन्स जोडीने, एरिक आयडल एकटा. मग सगळे जमून एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवायचे. जे ऐकून बाकीचे हसले ते राहायचं. तू एकटीने लिहून थेट नटांच्या हातात देतेस, ते थांबव. आधी एक जोडीदार शोध, शक्यतो तुझ्याशी भांडणारा. मग लिहिणाऱ्याच तिघा-चौघांना बसव आणि सपाट आवाजात वाच, अभिनय न करता. आवाज चढवल्याशिवाय जे वाक्य चालत नाही त्याखाली रेघ मार आणि घरी जाऊन ते पुन्हा लिही. पुढच्या महिन्यात मी पुण्यात आहे. वाचन ठेवलंस तर मला ऐकायला बसव, मी मध्ये बोलणार नाही.

तुझा,
सर