पहिल्या नेमणुकीच्या गावी

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

न्यायाधीश म्हणून तू तिथे रुजू होतेस न होतेस तोच गणेश मंडळाने तुला अध्यक्ष व्हायची गळ घातली आहे, शिक्षण संस्थेच्या चेअरमननी प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलंय, आणि नाही म्हटलं तर गाव शिष्ट समजेल अशी तुला धास्ती आहे. समजू दे. दोघांनाही गोड शब्दांत, पण आजच नकार कळव.

उद्या त्याच संस्थेच्या मैदानाला लागून शेत असलेला एखादा शेतकरी मनाई हुकमासाठी तुझ्यासमोर येईल. चेअरमनच्या हातून शाल-श्रीफळ घेतानाचा तुझा फोटो त्याने चौकातल्या फ्लेक्सवर पाहिलेला असेल. तू नकाशा, मोजणी, साक्षी सगळं नीट तपासून त्याचा अर्ज फेटाळलास, तरी पायऱ्या उतरताना तो वकिलाला एवढंच म्हणेल, ‘‘मॅडम त्यांच्याच आहेत.’’ अपिलात निकाल बदलू शकतो, पण त्याच्या मनात बसलेलं हे निघत नाही. मला तर वाटतं, आपल्यावरची सगळी बंधनं या माणसासाठीच आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 1997 रोजी न्यायिक जीवनमूल्यांची संहिता स्वीकारली. ती उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींसाठी आहे, पण तूही ती टेबलावर ठेव. क्लब-सोसायटीची निवडणूक लढवायची नाही, निधी गोळा करण्यात भाग घ्यायचा नाही, राजकीय विषयावर जाहीर बोलायचं नाही, पदाला शोभेल इतका अलिप्तपणा ठेवायचा. मंडळाच्या पावतीपुस्तकावर तुझं नाव छापलं, की वर्गणी देणारा व्यापारी देवाकडे बघून देतोय की कोर्टाकडे, हे कोण सांगणार?

वकिलांचं जास्त जपायला हवं. वकील संघाच्या कार्यक्रमाला सगळ्यांबरोबर जरूर जा. पण जिल्ह्याच्या मीटिंगला निघताना एसटी चुकली, तर कोणा वकिलाच्या गाडीत बसू नकोस, पुढच्या गाडीची वाट बघ. दिवाळीच्या मिठाईचं शिपायाला आणि घरच्यांना आधीच सांगून ठेव. बॉक्स दारातूनच परत जायला हवेत, आणि ते नेमके तू घरी नसताना येतात.

याचा अर्थ दार लावून बसायचं असा मात्र नाही. लोकांपासून तुटलेल्या न्यायाधीशाला साक्षीदाराची भाषाही कळेनाशी होते. तुझ्या तालुक्यात एकच कोर्ट आहे, म्हणजे 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखालच्या तालुका समितीची पदसिद्ध अध्यक्ष तूच. वाड्यावस्त्यांवर कायदेविषयक शिबिरं घे, शाळेतल्या मुलींशी बोल, मोफत वकील कसा मिळतो ते बायकांना समजावून सांग. तिथे तू कोणा चेअरमनची पाहुणी नसतेस. फक्त कोर्टात चालू असलेल्या प्रकरणावर कोणी विचारलं, तर तिथेच थांबव.

आणि गाणं सोडू नकोस. त्या संहितेतही छंदाला व्यापार मानलेलं नाही. रियाज कर, गुरूंकडे जा, घरच्या बैठकीत मोकळेपणाने गा. मदतनिधीच्या तिकिटांवर तेवढं तुझं नाव छापू देऊ नकोस.

तुझा,
काका