चौथा दिवस आणि न उतरलेला ताप

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला टायफॉइड झाला असून डॉक्टरांनी सेफिक्झीमचे पातळ औषध चौदा दिवसांसाठी दिले आहे. आज चौथा दिवस, तरी संध्याकाळी ताप १०१ च्या वर जातोच. औषध बदलून घ्यावे का? माझ्या सासूबाईंना पेनिसिलीनची ॲलर्जी आहे, त्याचीही धास्ती वाटते. — एक वाचक, सांगली

उत्तर : तुमची काळजी मी समजू शकतो, पण केवळ चौथ्या दिवशी ताप आहे म्हणून हे औषध थांबवू किंवा बदलू नका. सेफिक्झीम हे सेफॅलोस्पोरिन गटातले अँटिबायोटिक जंतूंची भित्तिका बांधू देत नाही. मात्र टायफॉइडचे जंतू यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेतील पेशींच्या आत दडून बसतात व तेथे हे औषध फारसे शिरत नाही, त्यामुळे ताप उतरायला पाच ते सात दिवस सहज लागतात. रोज ठरावीक वेळी ताप मोजून वहीत लिहा. संध्याकाळचा आकडा दिवसागणिक थोडा खाली येत असेल, तर औषध लागू पडते आहे.

सेफॅलोस्पोरिन गटाची औषधे ज्या बुरशीपासून निघाली, ती १९४५ मध्ये इटलीच्या सार्डिनिया बेटावरील कॅलिआरी येथे ज्युसेप्पे ब्रोत्झू या इटालियन वैद्यकशास्त्रज्ञांना सांडपाणी समुद्राला मिळते त्या जागी सापडली, आणि तिचा अर्क टायफॉइडच्या जंतूंवर चालतो हे त्यांनीच पाहिले होते.

एकदा बाटलीकडेही नीट पाहा. भुकटीत उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंतच घातले होते ना? प्रत्येक वेळी बाटली हलवली नाही तर औषध तळाशी बसते आणि सुरुवातीचे डोस पातळ जातात. घरातला चमचा न वापरता सोबतच्या मापानेच द्या, आणि लेबलावरील मुदत संपली की उरलेले टाकून नवी बाटली आणा.

सेफिक्झीम हे पेनिसिलीनच्या नात्यातले औषध आहे, पण आजीची ॲलर्जी नातवाकडे येत नाही. त्याला स्वतःला पेनिसिलीनने कधी पुरळ किंवा सूज आली असेल, तर मात्र डॉक्टरांना आजच सांगा.

औषधापूर्वी रक्ताचे कल्चर (रक्तातले जंतू वाढवून तपासण्याची चाचणी) पाठवले असल्यास त्याचा अहवाल मागून घ्या, कारण कोणते औषध चालेल हे विडाल या टायफॉइडच्या नेहमीच्या रक्तचाचणीवरून कळत नाही. सातव्या दिवसानंतरही ताप तसाच राहिला, तर डॉक्टर औषधाचा फेरविचार करतील. पोटात तीव्र दुखणे, पोट फुगणे, काळी किंवा रक्ताची शौच, गुंगी, अथवा प्रत्येक डोस उलटून पडणे यांपैकी काहीही दिसले, तर सातव्या दिवसाची वाट न पाहता त्याला लगेच रुग्णालयात न्या.