सूर-शंका : बटणांची पेटी आणि आपली काळी दोन

प्रश्न : इटलीच्या हद्दीतल्या एका खेड्यात स्लोव्हेनियन संगीताचा महोत्सव भरतो असं वाचलं. राज्य एकाचं, बोली दुसरी, म्हणजे आमच्यासारखंच. तिथे वाजवतात काय? आमच्या भजनी मंडळाला जत्रेत तसली एखादी चाल बसवता येईल का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : ते गाव श्तेवेर्यान. इटालियन पाटीवर नाव सान फ्लोरियानो देल कोल्यो. गोरित्सिया शहराजवळ, द्राक्षमळ्यांच्या टेकडीवर. महोत्सव उन्हाळ्यात, पाइनच्या झाडांखाली होतो. मात्र तिथे जुनी लोकगीतं कमी, 'नारोद्नो-झाबाव्ना' जास्त. म्हणजे लोकधाटणीचं, पण रचलेलं आणि नाचायला लावणारं संगीत. त्याचा साचा स्लावको आणि विल्को आव्सेनिक या भावांनी 1953 पासून घातला : क्लॅरिनेट, ट्रम्पेट, अकॉर्डियन, गिटार आणि खालच्या सुराला बॅरिटोन हे पितळी फुंकवाद्य. यातली पहिली दोन फुंकवाद्यं तुमच्या लग्नाच्या बँडवाल्याकडे मिळतील. अस्सल जुनं ऐकायचं तर इटलीतल्याच रेझिया दरीतलं ऐका : सितिरा नावाचं व्हायोलिन, तीन तारांचा, चेलोसारखा मोठा बुंकुला आणि तालाला वादकाचा पाय.

चाल बसवताना वाल्ट्झ घ्या. तीन मात्रांचा असतो, दोन आवर्तनं मिळून दादरा होतो, ढोलकीवाल्याला नवं काही शिकावं लागत नाही. पोल्का या दोन ठोक्यांच्या नाचात मात्र गोंधळ होतो. त्यात खर्ज ठोक्यावर पडतो आणि स्वरमेळ (एकदम वाजणारे सूर) दोन ठोक्यांच्या मधे. आपला ढोलकीवाला नेमकी तीच मधली जागा भरतो आणि सगळं चिखल होऊन बसतं. त्याला धुमीवर (खर्जाच्या बाजूवर) फक्त ठोका धरायला सांगा, शाईच्या बाजूची बोटं गप्प.

प्रश्न : एक बटणांचं अकॉर्डियन हाती लागलंय, वर 'सी-एफ-बी' लिहिलंय. मंडळाची पट्टी (षड्जाचा सूर) काळी दोन, म्हणजे पेटीवरची दुसरी काळी पट्टी. बटणांची तिसरी ओळ पांढरी सातशी लावून पाहिली, जुळतच नाही. वाद्य बिघडलंय का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : वाद्य ठीक आहे, अक्षर फसवतंय. हे जर्मन पद्धतीचं लेखन. त्यात 'बी' म्हणजे आपली काळी पाच; पांढऱ्या सातला ते 'एच' म्हणतात. तेव्हा तुमच्या तीन ओळी पांढरी एक, पांढरी चार आणि काळी पाच अशा आहेत. पहिल्या ओळीचा मध्यम तोच दुसरीचा षड्ज, दुसरीचा मध्यम तो तिसरीचा.

स्लोव्हेनियात याला फ्रायटोनारित्सा म्हणतात. आपल्या पेटीत, म्हणजे हार्मोनियममध्ये, एक पट्टी म्हणजे एक सूर. इथे भाता दाबताना आणि ओढताना त्याच बटणातून वेगळे सूर येतात. ढोबळमानाने दाबताना सा-ग-प, ओढताना रे-म-ध-नी. म्हणून पेटीवाल्याचा हात पहिले काही दिवस हमखास चुकतो.

आता काळी दोन. ती षड्ज धरली तर शुद्ध मध्यम म्हणजे काळी चार, आणि तो सूर तुमच्या तीन ओळींच्या मूळ सप्तकांत नाहीच. तिसऱ्या ओळीवर मिळतो तीव्र मध्यम. म्हणजे यमनचे सूर जमतील, बिलावलचे नाहीत! अभंग तीव्र मध्यमावर खेचत बसण्यापेक्षा मंडळालाच काळी पाच किंवा पांढऱ्या एकमध्ये आणा. पेटीवर षड्ज हवा तिथे सरकवता येतो, या वाद्यावर नाही. पुढे कधी दुसरं घ्याल तर 'बी-एस-आस' लिहिलेलं घ्या : काळी पाच, काळी दोन, काळी चार. नेहमीचा ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटही काळी पाचचेच, त्यामुळे बँडवाल्यांनाही ते सोयीचं.

एवढं करूनही आवाज थरथरला तर दोन कारणं पाहा. एक, पेटीची पांढरी सहा 440 हर्ट्झला आणि याची 442 ला असेल, तर सेकंदाला दोन लाटा ऐकू येतील. दोन, याच्या एका सुराला दोन-तीन रीड (हवेने थरथरणाऱ्या धातूच्या जिभा) मुद्दाम किंचित चढे-उतरे लावलेले असतात. तो दोष नाही, चव आहे. ती मोडायला रीड घासू नका. टोकाला घासलं तर सूर चढतो, बुडाशी घासलं तर उतरतो, आणि घासलेली धातू परत येत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात बटणांचं अकॉर्डियन कसं ठेवायचं?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : पेटीतले रीड बहुधा पितळी, याचे पोलादी, म्हणून गंजतात. पेटाऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं वाजवा. त्याहून भीती एप्रिलच्या उन्हाची. रीडच्या पट्ट्या मेण आणि राळेने बसवलेल्या असतात. बंद गाडीत वाद्य राहिलं की मेण सैलावतं आणि पट्टी आतल्या आत सुटून पडते. हलवल्यावर खुळखुळलं तर भाता ओढू नका, तसंच कारागिराकडे न्या.